टक्के मागे का गेले?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथम एक कबुली देतो. मी बी.ए., बी.एड. झालेला मास्तर. माझे विषय इतिहास आणि मराठी. शाळेच्या संगणक-खोलीची किल्ली माझ्या कपाटाला अडकवलेली असते, एवढ्याच पुण्याईवर त्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यामुळे संयोजकांनी 'संगणक व आधुनिक जीवन' असा विषय सुचविला तेव्हा मी हात जोडले. इतक्या मोठ्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. आमच्या नववीतल्या एका मुलाच्या संगणकावर एका गुरुवारी सकाळी ७१ टक्के होते आणि तासाभराने ६४ टक्के झाले. ते सात टक्के कुठे गेले, एवढाच माझा विषय.

हा मुलगा इथेच पिंपळे सौदागरला राहतो. त्याचे वालिद चाकणच्या एका कारखान्यात सी.एन.सी. यंत्रावर काम करतात. घरात एक जुना संगणक आहे, थोरल्या भावाने ठेवून दिलेला. मुलाने कुठेतरी वाचले की आपला घरचा संगणक रिकामा असतो तेव्हा त्याची शक्ती शास्त्रज्ञांना देता येते. त्याने मला विचारले, मी माहिती काढली, आणि वडिलांची परवानगी घेऊन त्याने ते सुरू केले. अवकाशातून आलेले संकेत तपासण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. एक काम साधारण दहा तासांचे. मुलगा वहीत दर अर्ध्या तासाने टक्के लिहून ठेवी. रात्रीही एकदा उठून बघून येई, असे त्याच्या अम्मीने मला नंतर सांगितले, आणि ते काही कौतुकाने सांगितलेले नव्हते.

त्या गुरुवारी वीज गेली. आपल्याकडे गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी आणि बहुधा वीजदुरुस्तीचाही दिवस. पूर्वसूचनेचा संदेश आला होता, पण तो वालिदांच्या फोनवर, आणि वालिद रात्रपाळी करून झोपलेले. पडद्यावर ७१ आकडा दिसत असताना सगळे काळे झाले. वीज आली, संगणक पुन्हा सुरू केला, तर ६४. मुलगा दुपारी शाळेत आला तो रडवेला. म्हणाला, "सर, हे लबाडी करतं. मी सगळं पुसून टाकणार."

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते मला ज्यांच्याकडून मिळाले त्यांच्याकडे मी वळणारच आहे. पण त्याआधी हे काम असते कसे, हे ज्या पालकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

एखादा प्रचंड हिशेब असतो. एका संगणकाने करायचा म्हटला तर आयुष्य पुरणार नाही. मग त्याचे लाखो लहान तुकडे करायचे आणि एकेक तुकडा जगभरच्या लोकांच्या घरी पाठवायचा. ज्याचा त्याने हिशेब करायचा आणि उत्तर परत पाठवायचे. आपल्याकडे शादीच्या घरी लसूण सोलायला दहा घरी वाटून देतात, तसेच. या प्रकारचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे 'सेटी ॲट होम'. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाने ते मे १९९९ मध्ये सुरू केले. पोर्टो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ-दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांत परग्रहावरच्या कोणाचा आवाज आहे का, हे त्यात शोधीत. प्रत्येक तुकड्यात केवळ १०७ सेकंदांचा संकेत असे. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. परग्रहवासी सापडले नाहीत, आणि मार्च २०२० अखेर नवे तुकडे वाटणे थांबले. पण या कामातून 'बॉइंक' नावाची एक सामाईक व्यवस्था तयार झाली, आणि आज बरीच निरनिराळी कामे तिच्यावरच चालतात. आपला मुलगाही तीच वापरीत होता.

यातून खरोखर काही निष्पन्न होते का, असे त्याच्या वालिदांनी मला पहिल्याच भेटीत विचारले होते. होते. 'आइन्स्टाइन ॲट होम' नावाच्या कामात २०१० साली एक नवा स्पंदक तारा सापडला. हा तारा सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याचा संकेत आरेसिबोने २००७ मध्येच टिपून ठेवला होता, पण तो ओळखला गेला अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका दांपत्याच्या घरच्या संगणकावर आणि जर्मनीतील माइन्त्स शहरातल्या एका गृहस्थाच्या संगणकावर. एकच काम दोन घरी का दिले असेल, हे ध्यानात ठेवा, त्याची पुढे गरज लागेल. आणि करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, 'फोल्डिंग ॲट होम' या कामात इतके लोक सामील झाले की त्यांच्या संगणकांची एकत्रित शक्ती २ एक्साफ्लॉप्सच्या वर गेली. एक्सा म्हणजे एकावर अठरा शून्ये. त्या वेळी जगातला कोणताही एकटा महासंगणक तिथवर पोहोचलेला नव्हता.

पुणेकरांना ही कल्पना तशी परकी वाटू नये. १९८० च्या दशकात अमेरिकेकडून आपल्याला हवे तसे महासंगणक मिळेनात, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यामागची युक्ती हीच होती की एक अजस्र यंत्र मिळत नसेल, तर पुष्कळ साध्या यंत्रांना एकत्र जुंपावे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' आला आणि २०२४ मध्ये 'अर्क'. आपण चाकण, मंचर करीत नारायणगावला गेलो की तिथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या दिसतात. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ती रेडिओ-दुर्बीण. तिच्या कामासाठीही २०२४ मध्ये 'परम रुद्र' हा महासंगणक देण्यात आला. सहल काढताना आपण शिवनेरी बघून परत फिरतो. पुढच्या वर्षी खोडदचाही विचार व्हावा, अशी मुख्याध्यापकसाहेबांना या व्यासपीठावरून विनंती करतो, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही.

आता सात टक्क्यांकडे.

मुलगा सगळे पुसून टाकणार म्हणाला म्हणून त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वालिद घरी होते. मी आपला पुस्तकी भाषेत सांगू लागलो की संगणक मधून मधून 'चेकपॉइंट' घेतो, म्हणजे हिशेबाची स्थिती तबकडीवर लिहून ठेवतो, आणि वीज गेली तर शेवटच्या चेकपॉइंटपासून पुन्हा सुरुवात करतो. मुलगा म्हणाला, "मग ७१ ला का नाही लिहिलं? दर सेकंदाला का लिहीत नाही?" मी गप्प झालो. तेव्हा वालिद पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "सर, हे तर आमचं पाळीचं रजिस्टर आहे."

त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो. "पाळी बदलताना आम्ही रजिस्टर लिहितो. नुसतं 'साठ नग झाले' लिहून भागत नाही. कोणता जॉब लावलाय, कोणतं टूल बदललं, शेवटच्या नगाचं माप काय आलं, हे सगळं लिहावं लागतं. नाहीतर पुढच्या माणसाला आकडा कळेल, पण काम पुढे नेता येणार नाही. आणि नोंद केव्हा करायची? नग पुरा झाल्यावर. टूल अर्ध्या कापात असताना काय लिहिणार? तेवढ्यात लाइट गेली तर अर्धा कापलेला तुकडा भंगारात जातो. त्याच्या आधीचे सगळे नग मात्र शाबूत."

पालकहो, मी चार दिवस वाचून जे समजू शकलो नव्हतो ते या गृहस्थांनी चार वाक्यांत सांगितले. पडद्यावर दिसणारे टक्के म्हणजे नगांचा आकडा, तोही अंदाजाचा. कामाचा प्रोग्रॅम आपला सांगत असतो की साधारण इतके झाले. चेकपॉइंट म्हणजे रजिस्टर. त्यात आतापर्यंतच्या बेरजा, कोणत्या पायरीवर आहोत, पुढे कुठून उचलायचे हे सारे असते. आकडा क्षणाक्षणाला वाढताना दाखविता येतो, पण रजिस्टर तसे लिहिता येत नाही. हिशेबाची एक फेरी पुरी व्हावी लागते. शिवाय स्थिती मोठी असेल तर ती लिहायलाही वेळ लागतो. दर सेकंदाला लिहीत बसला तर तो हिशेब कधी करणार आणि तबकडी किती झिजवणार?

मग आम्ही तिघांनी मुलाची वही उघडली. हे काम दर आठ टक्क्यांना खूण करीत होते. दहा तासांचे काम, म्हणजे आठ टक्क्यांना ४८ मिनिटे. आठव्या खुणेला ६४ टक्के झाले. नववी खूण ७२ ला पडायची. वीज गेली ७१ ला. सात टक्के म्हणजे ४२ मिनिटांचे काम भंगारात गेले. आणखी सहा मिनिटे वीज राहिली असती, तर ७२ वरून पुढे चालले असते. हे कळल्यावर मुलाचे दुःख कमी झाले असे नाही, उलट त्या सहा मिनिटांसाठी तो जास्तच हळहळला! पण लबाडीचा आरोप मागे घेतला.

ज्या घरी हे काम चालू आहे किंवा पुढे होईल त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. बॉइंकमध्ये चालू काम निवडून त्याची माहिती उघडली की 'सीपीयू टाइम सिन्स चेकपॉइंट' अशी एक ओळ दिसते. शेवटच्या खुणेनंतर किती वेळ काम झाले, ते ती सांगते. संगणक बंद करण्यापूर्वी टक्के बघू नका, ही ओळ बघा. तिथे दोन मिनिटे दिसत असतील तर खुशाल बंद करा. पाऊण तास दिसत असेल आणि घाई नसेल, तर थोडे थांबा, आकडा शून्यावर आला की बंद करा.

दुसरे, एका पर्यायात लिहिलेले असते की कामांनी जास्तीत जास्त दर ६० सेकंदांनी चेकपॉइंट करावा. पुष्कळांचा समज होतो की म्हणजे दर मिनिटाला खूण पडतेच. तसे नाही. ही वरची मर्यादा आहे. 'दिवसातून जास्तीत जास्त एक चहा' असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे रोज एक चहा मिळेलच असे नव्हे. कधी लिहायचे हे त्या त्या कामाचा प्रोग्रॅम ठरवितो. मराठी शिकवणारा म्हणून मला या 'जास्तीत जास्त'ची मौज वाटली. सगळा गोंधळ एका शब्दाने केलेला.

तिसरे असे की काम थोडा वेळ थांबविले, बंद केले नाही, तर काय होते? थांबलेले काम स्मृतीत राहू द्यावे असा एक पर्याय आहे. तो निवडलेला असेल तर काही वाया जात नाही, जिथे थांबले तिथूनच चालू होते. निवडलेला नसेल तर थांबतानाही काम शेवटच्या खुणेपर्यंत मागे जाऊ शकते. पण स्मृती विजेवर जगते. वीज गेली की तबकडीवर लिहिलेले तेवढेच खरे.

आणि काही कामे अशीही असतात की ती शेवटपर्यंत खूणच करीत नाहीत. तसले काम पाच तासांचे असेल आणि आपण रोज तीन तासच संगणक लावत असू, तर ते जन्मात पुरे होणार नाही. रोज शून्यापासून सुरू होईल आणि विजेचे बिल तेवढे वाढेल. तसले काम वाट्याला आले तर सोडून द्यावे. मुदतीत उत्तर गेले नाही की ते दुसऱ्या कोणाला दिले जातेच.

खूण लिहीत असतानाच वीज गेली तर? हाही प्रश्न मुलानेच विचारला. चांगले प्रोग्रॅम जुनी खूण खोडून तिच्यावर नवी लिहीत नाहीत. नवी वेगळी लिहितात, ती पुरी झाली की मगच जुनी बाद करतात. मूळ संख्या शोधण्याचे एक काम १९९६ पासून चालू आहे. त्यात तर एकापेक्षा अधिक जुन्या खुणा जपून ठेवतात, आणि हिशेबात चूक आढळली तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत स्वतःहून मागे जाऊन तेवढा भाग पुन्हा करतात. म्हणजे तिथे मागे जाणे हा अपघात नसतो, ठरवून घेतलेला निर्णय असतो. याच कामात ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली.

सर्वांत लांबलचक कामे हवामानाची. 'क्लायमेट प्रेडिक्शन डॉट नेट' हे काम ऑक्सफर्डहून सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या प्रयोगात एकेका घरच्या संगणकाने पृथ्वीच्या हवामानाची ४५ वर्षे हिशेबात चालवून बघायची असत. त्याला आठवडे, कधी महिने लागत. अशा कामात नुसते घरातले रजिस्टर पुरत नाही, कारण तीन महिन्यांत घरात काय वाटेल ते होऊ शकते. म्हणून ठरावीक टप्पा पार झाला की त्याचा थोडका गोषवारा मधल्या मध्ये ऑक्सफर्डला जात असे. पुढे संगणक मोडला तरी तेवढे त्यांच्या पदरात पडलेले असे. असंख्य घरांतून आलेल्या या हिशेबांवरचा पहिला मोठा लेख जानेवारी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याची उत्तरे सुमारे २ अंशांपासून ११ अंशांच्याही वर पसरलेली निघाली. एवढा पसारा एखाद-दुसऱ्या महासंगणकावर चालवून दिसला नसता. पवनेचे पाणी कधी अंगणात येते आणि कधी उन्हाळ्यात नळाला येत नाही, ते बघणाऱ्या आपल्या गावाला हवामानाच्या हिशेबाचे महत्त्व मी सांगायला नको.

आता अम्मींच्या प्रश्नाकडे येतो, कारण तोही खरा आहे. बिल किती येईल? संगणक पूर्ण जोराने चालताना १०० वॅट जास्त घेतो असे धरा. दहा तासांना एक युनिट. रोज आठ तास, महिनाभर चालविला तर २४ युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणून बघा आणि घरात सर्वांना पटले तरच करा. मी तर म्हणतो, संगणकाला सांगून ठेवावे की निम्मीच शक्ती वापर, आणि आम्ही काम करीत असू तेव्हा थांब. उन्हाळ्यात बंदच ठेवावा. लहान लॅपटॉप तापतात, त्यांच्यावर हे करू नये. आणि मित्रांनो, शाळेचा किंवा कारखान्याचा संगणक आपला नव्हे. मुख्याध्यापकसाहेबांच्या लेखी परवानगीशिवाय आपल्या संगणक-खोलीत हे सुरू झालेले नाही, होणारही नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची की नाही, याचा मी विचार करीत होतो. वालिदांची परवानगी आहे म्हणून सांगतो. निघताना ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "सर, सात टक्क्यांसाठी पोरगा एवढा का चिडला, माहीत आहे? आम्ही इकडे आलो तेव्हा आधीच्या शाळेतून दाखला आणि गुणपत्रक वेळेवर आलंच नाही. इकडच्या पहिल्या शाळेनं पुन्हा सातवीत बसवलं. शिकलेलं सगळं त्याला येत होतं, पण कागदावर नव्हतं."

मला यावर बोलता आले नाही. परतताना मला संगणकाचाच एक नियम आठवत होता. एका घरचे अर्धवट काम दुसऱ्याच्या संगणकाकडे सहसा सोपविता येत नाही. खूण असते ती त्याच यंत्राच्या तबकडीवर. ते यंत्र मोडले तर तेच काम दुसरीकडे पहिल्यापासून सुरू होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कार्यालयात जाऊन, या वर्षी मधेच आलेल्या मुलांपैकी कोणाकोणाचे दाखले अजून आलेले नाहीत, याची यादी मागितली. सात नावे निघाली. मुख्याध्यापकसाहेबांनी त्या त्या शाळांना पत्रे पाठविली आहेत. पाचांची उत्तरे आली. उरलेल्या दोन पालकांनी आज कार्यक्रमानंतर मला भेटावे.

त्या मुलाचे काम पुढे शुक्रवारी रात्री शंभर टक्के झाले आणि उत्तर रवाना झाले. शनिवारी तो माझ्याकडे आला. निकालापुढे 'प्रलंबित' असे दिसत होते. मघाशी मी ध्यानात ठेवायला सांगितले होते ते हेच. एकच काम दोन घरी दिलेले असते. दोन्ही उत्तरे जुळली तरच ते पक्के धरतात, कारण कोणाच्या घरचे यंत्र केव्हा चुकेल याचा नेम नाही. आपल्याकडचे उत्तर गेले होते, दुसऱ्याचे यायचे होते. दुसरा कोण, कुठल्या देशातला, काही ठाऊक नाही. मुलगा म्हणाला, "त्याच्याकडे पण लाइट गेली असेल, सर." मी म्हटले, असेल.

ज्यांना हे सर्व प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांच्यासाठी संगणक-खोली शनिवारी दुपारी दोन ते चार उघडी असते. पालकांनीही यावे. विशेषतः कारखान्यात पाळी लिहिणाऱ्यांनी यावे, मला अजून बरेच समजून घ्यायचे आहे.